हायकोर्टाच्या अपिलाचे कागद करून देणारं सीबीएसजवळचं दुकान : काम चोख, तोंड जरा जास्त

नाशिकच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा कोर्टाकडे निघालात की टायपिंग-झेरॉक्सवाल्यांची रांगच लागते. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नावात बदल, सगळं दहा मिनिटांत. मी ज्याबद्दल लिहितेय ते दुकान या रांगेत नाही. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे, जिना अंधारा, कठडा हलतो आणि दाराला पाटी नाही. कुठल्याही वकिलाच्या क्लार्कला विचारा, "हायकोर्टाचं पेपर बुक कोण करून देतं?" तो बोट वर करेल. (पेपर बुक म्हणजे अपिलासाठी क्रमाने लावून बांधलेली सगळ्या कागदांची फाईल.) नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकच म्हणाले, "बाई, लिहायचं ते लिहा, पण नाव नको. आहे तेच काम उरकत नाही."

पाचापैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाचं. आई आधीच गेली, वडील 1998 मध्ये गेले, आम्ही दोघं भावंडं. जमीन वडिलोपार्जित. भांडण एवढंच की माझा हिस्सा चार आणे की आठ आणे. वडिलांचा अर्धा आणि त्या अर्ध्यात माझा निम्मा असं धरलं तर चार आणे. जन्मानेच भावाच्या बरोबरीची धरली तर आठ आणे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात बसत नव्हत्या आणि माझं लग्न त्याआधीचं. मग 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला मुलाइतका हक्क देणारी केंद्राची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. तिचा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या बेंचने 2015 मध्ये फुलवतीच्या खटल्यात सांगितलं की त्या तारखेला वडील हयात हवेत. खालच्या दोन्ही कोर्टांनी तेच धरलं, त्यांना दुसरं करताही येत नव्हतं. माझ्या पदरात चार आणे.

वकीलबाई म्हणाल्या, सेकंड अपील करू, म्हणजे जिल्हा कोर्टाच्या अपिलातल्या निकालावर हायकोर्टात दुसरं अपील. 2018 मध्ये दोनच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या एका बेंचचा सूर वेगळा लागलाय, म्हणजे कायद्याचा प्रश्न अजून उघडा आहे. आणि कागद कुठून करून घ्यायचे याचा पत्ता म्हणून त्यांनी हा जिना दाखवला.

आत शिरल्यावर आधी भिंत दिसते. देवाच्या कॅलेंडरशेजारी ड्रॉइंग पेपरवर मार्करने काढलेली शिडी आहे. खाली तालुका, वर जिल्हा, त्यावर मुंबई, सगळ्यात वर दिल्ली. प्रत्येक पायरीजवळ मुदत लिहिलेली: जिल्ह्याला 30 दिवस, हायकोर्टाला 90, दिल्लीला 90. बाजूला महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर रंगीत पेन्सिलीने हायकोर्टाचे भाग पाडलेत. नाशिक जिल्हा मुंबईच्या रंगात. आपल्याला खेटून असलेले अहिल्यानगर, धुळे, जळगाव हे जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या रंगात. म्हणजे येवल्याचा माणूस अपिलाला मुंबईला जाणार आणि शेजारच्या कोपरगावचा संभाजीनगरला. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांवर नवीन कागद डकवलाय, कारण ऑगस्ट 2025 पासून त्यांच्यासाठी कोल्हापुरात सर्किट बेंच बसू लागलं. नागपूर आणि गोवा वेगळ्या रंगात. मी वर्गात नकाशे टांगण्यात जन्म घालवला, त्यामुळे सांगते, नकाशा चांगला आहे. फक्त गोवा प्रमाणाबाहेर मोठा काढलाय.

मालक पूर्वी कोर्टात स्टेनो होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझे कागद हातात घेतले आणि टायपिंगबद्दल अवाक्षर न काढता जिल्हा कोर्टाच्या निकालाची नक्कल उलटी केली. मागच्या शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. पेन्सिलीने त्यांनी हिशोब मांडला, कारण नक्कल मिळायला लागलेला वेळ 90 दिवसांत धरत नाहीत. मग म्हणाले, "मुदत आहे. विलंब माफीचा अर्ज लागत नाही. आता वकिलांकडून एकदा खात्री करून घ्या आणि बसा." हे "वकिलांना विचारा" ते प्रत्येक वाक्याला लावतात. पण हिशोब त्यांचाच बरोबर निघाला.

तिथे बसले असताना पाहिलेला एक प्रसंग सांगते, म्हणजे दुकान कसं आहे ते कळेल. सिन्नरकडचे एक म्हातारे बाबा आले. हातउसने दिलेले अठरा हजार, त्याची वसुली, दोन्ही कोर्टांत हरलेले. पिशवीत सगळे कागद, रबरबँड लावलेले. "हायकोर्टात टाकायचं," म्हणाले. भाऊंनी निकाल वाचला आणि पिशवी परत केली. "बाबा, नुसत्या पैशाच्या वसुलीचा दावा पंचवीस हजारांच्या आतला असेल तर सेकंड अपीलच नसतं. कायद्यातच दार बंद आहे. मी टाइप करून देईन, तुमचे तीन-चार हजार जातील आणि ते परत येईल. तरी वकिलांना विचारून घ्या." बाबा बराच वेळ हुज्जत घालत होते की पैसे मी देतोय ना. भाऊंनी चहा पाजला, पण काम घेतलं नाही. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा टायपिंगवाला मी दुसरा पाहिला नाही.

आता मूळ कामाबद्दल. पहिल्या अपिलात जिल्हा न्यायाधीश पुरावाही तपासतात आणि कायदाही. सेकंड अपिलात तसं नाही. हायकोर्ट बघतं ते फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे का. नसेल तर दाखल करून घेतानाच फेटाळतं. असेल तर न्यायमूर्ती तो प्रश्न शब्दांत मांडतात आणि पुढची सुनावणी त्याच प्रश्नावर. साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही, माझा भाऊ शपथेवर काय बोलला ते त्याच्या तोंडाकडे बघून कुणी जोखत नाही. न्यायमूर्तींपुढे जातो तो फक्त कागद. म्हणून कागदाचं एवढं स्तोम.

भाऊंच्या दुकानात त्याची पद्धत ठरलेली आहे. आधी घटनाक्रम, तारखांसकट, दोन पानांत. मग अपिलाचा मसुदा (तो वकील देतात, इथे नुसता टाइप होतो). मग दोन्ही निकाल, मग वादपत्र, कैफियत (त्याला समोरच्याचं लेखी उत्तर), साक्षी आणि शेवटी निशाण्या (पुराव्यात नंबर देऊन लावलेले कागद). प्रत्येक पानाला एकच सलग नंबर, वर उजवीकडे, शिक्क्याने. अनुक्रमणिकेत निशाणीचा मूळ नंबर आणि पेपर बुकातला पान नंबर, दोन्ही. स्कॅन करताना पीडीएफला बुकमार्क लावून देतात, म्हणजे ई-फायलिंग झाल्यावर स्क्रीनवरही टिचकी मारली की तेच पान. काकू, म्हणजे भाऊंच्या मिसेस, शेवटी सुई-दोरा घेऊन बसतात. स्टेपलर या घरात निषिद्ध. "स्टेपल केलेलं उघडताना डावीकडची ओळ मरते," त्या म्हणाल्या. त्या शिवतात ती फाईल टेबलावर सपाट उघडी राहते, हात धरायला लागत नाही.

मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरंही होतात. आपल्या साक्षी मराठीत, सातबारा-फेरफार मराठीत, आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. शिवाय मुख्य न्यायमूर्ती सहसा दुसऱ्या राज्यातले असतात, इतरही काही न्यायमूर्ती बदलून आलेले असू शकतात. त्यांना फेरफाराची नोंद म्हणजे काय हे कुणी सांगायचं? भाऊंची भाषांतर करणारी मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, लासलगावची. शेतकऱ्याच्या घरातली असल्याने तिला गट नंबर, आकार, इतर हक्क हे रकाने समजावून सांगावे लागत नाहीत. भाषांतर पानाला दीडशे, इंग्रजी टायपिंग चाळीस, मराठी तीस, झेरॉक्स दोन रुपये, बुकमार्कसह स्कॅन पाच. शिवण्याचे वेगळे घेत नाहीत. खालच्या रांगेपेक्षा महाग आहे, पण खालच्या रांगेत हे काम होत नाही.

आता भाऊंच्या तोंडाबद्दल. माणूस बोलतो, आणि फार बोलतो. कागद प्रिंटरवर लागले की त्यांचं हायकोर्ट-पुराण सुरू. घाईत असाल तर डोकं फिरेल. मला मात्र त्यातलं बरंच उपयोगी पडलं, कारण तारखेचं काही कळेना तेव्हा तेच आठवायचं.

उदाहरणार्थ, माझं अपील एका न्यायमूर्तींच्या बोर्डावर (कामाच्या यादीत) होतं, मग अचानक दुसऱ्याच नावाखाली दिसू लागलं. घरचे म्हणाले, भावाने काहीतरी सेटिंग केलं. भाऊ हसले. हायकोर्टात कुणाकडे कोणतं काम हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. त्याला रोस्टर म्हणतात आणि ते अधूनमधून बदलतं. आज दिवाणी सेकंड अपिलं ऐकणारे न्यायमूर्ती पुढे फौजदारी जामीन ऐकत असतील. सेकंड अपील एकटे न्यायमूर्ती ऐकतात. रिट आणि फौजदारीतल्या बऱ्याच मोठ्या गोष्टी दोघांच्या खंडपीठापुढे जातात, फाशी कायम करायची असेल तर दोघं लागतातच. दोन बेंचची मतं जुळेनात तर मोठं पूर्णपीठ. शिवाय मुंबई हायकोर्टाला मंजूर पदं 94, ती मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूर एवढ्यांत वाटायची, आणि सगळी भरलेली सहसा नसतातच. न्यायमूर्ती 62 व्या वर्षी निवृत्त होतात. सुप्रीम कोर्टात 65. 1963 पर्यंत हायकोर्टाचं वय 60 होतं. अतिरिक्त न्यायमूर्तींची नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची, मग बहुतेकांना कायम करतात. वकिलांतून थेट नेमायचं तर किमान 10 वर्षं हायकोर्टाची वकिली लागते. मग गंमत अशी होते की कालपर्यंत आपल्या समोरच्या पक्षाचे वकील असलेले गृहस्थ आज न्यायमूर्ती, आणि मॅटर नेमकी त्यांच्याकडे लागते. ते "नॉट बिफोर मी" म्हणतात आणि मॅटर दुसरीकडे जाते.

या सगळ्याचा धडा भाऊंच्या मते एकच, आणि तो त्यांच्या धंद्याचाही आहे: तुमची फाईल कधी ना कधी अशा न्यायमूर्तींपुढे जाईल ज्यांनी ती पूर्वी पाहिलेली नाही. तेव्हा पहिल्या दोन पानांत सगळं कळलं पाहिजे. म्हणून घटनाक्रमाची दोन पानं ते स्वतः वाचून पाहतात आणि वकिलांनाही फोन करून वाक्यं छाटायला लावतात. आमच्या वकीलबाई एकदा वैतागल्या होत्या. छाटलेलंच दाखल झालं.

(त्यांच्याकडे न्यायमूर्ती रानड्यांचा फोटोही आहे. निफाडला 1842 मध्ये जन्म, 1893 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. "आपल्या जिल्ह्याचा माणूस," असं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. मी शाळेत शिकवलंय, तरी मलाही सांगितलं. दोनदा.)

आता तारा कापला त्याचं. फेरफाराचा जुना उतारा, निशाणी 38, स्कॅन करताना डावी कड कापली गेली आणि निशाणीचा नंबरच गेला. कागद दाखल झाल्यावर ऑफिस ऑब्जेक्शन आलं, म्हणजे हायकोर्टाच्या ऑफिसने त्रुटी काढली. ते दूर करेपर्यंत अपील पुढे सरकत नाही, आणि वकिलांचा क्लार्क मुंबईत, कागद नाशिकमध्ये. भाऊंनी पुन्हा स्कॅन केलं, पैसे घेतले नाहीत, कुरिअरही स्वतः केलं. पण ज्या दुकानाची सगळी ऐट पान नंबरावर, तिथे हे व्हायला नको होतं. त्यातून भाऊ आधी म्हणाले की मूळ कागदच फिकट होता. मूळ कागद माझ्याकडे होता, तो फिकट नव्हता. तो काकूंनी शांतपणे त्यांच्यासमोर ठेवला.

2020 च्या फेब्रुवारीत अपील दाखल झालं आणि पाठोपाठ कोरोना आला. त्याच वर्षी 11 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या बेंचने विनीता शर्मा खटल्यात निकाल दिला: मुलीचा हक्क जन्माने, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. दोघांचा निकाल तिघांनी फिरवला. भाऊंचा फोन आला, आवाजात असा आनंद की जमीन त्यांनाच मिळाली. मी विचारलं, मग आता आपोआप आठ आणे? "आपोआप काही नसतं बाई. आधीचा हुकूम रद्द व्हायला तुमचं अपील ऐकलं गेलं पाहिजे."

ते ऐकलं गेलं त्या दिवशी मी पंचवटी एक्सप्रेसने गेले होते. फोर्टातली ती काळ्या दगडाची गॉथिक इमारत बाहेरून जितकी दरारा वाटायला लावते तितकं आत काही घडत नाही. पंखे, फायली, काळे कोट, आणि कुणी आवाज चढवत नाही. आमचा नंबर दुपारी लागला. भावाच्या वकिलांनी जुनाच मुद्दा पुन्हा रेटला की 1990 मध्ये तोंडी वाटणी झाली होती, म्हणजे मुलीला वाटायला काही उरलंच नाही. न्यायमूर्तींनी विचारलं, खालच्या दोन्ही कोर्टांनी वाटणी झाली नाही असं म्हटलंय ना? तो घटनेचा प्रश्न झाला, इथे तो पुन्हा कसा उघडायचा? आणि तशी वाटणी असेल तर सरकारी दप्तरात नोंद कुठे? आमच्या वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "निशाणी 38, पान 143." न्यायमूर्तींनी पान उघडलं. फाईल सपाट राहिली. शेजारीच भाषांतर, पान 144. त्यात वडिलांच्या मृत्यूनंतर दोघांची नावं वारस म्हणून लागलेली, वाटणीचा उल्लेख नाही. त्यांनी दोन्ही पानं वाचली, पेन्सिलीने कडेला काहीतरी खूण केली आणि समोरच्या वकिलांकडे पाहिलं. पुढचा युक्तिवाद लांबला नाही.

आठ आणे झाले. शेतजमिनीची वाटणी प्रत्यक्ष करून देण्याचं काम मात्र कोर्ट करत नाही, हुकूमनामा कलेक्टरकडे जातो. तिथून तहसील, मोजणी, हद्दीच्या खुणा. ते आता चाललंय. त्या अर्जांचं टायपिंगही भाऊ करतात, पण त्यासाठी त्यांच्याकडे जाऊ नका, खालच्या रांगेत निम्म्या पैशांत होतं.

भाऊ दिल्लीला गेला तर? (माझा भाऊ, दुकानातले नव्हेत.) सेकंड अपिलातल्या एकट्या न्यायमूर्तींच्या निकालावर हायकोर्टातच पुन्हा अपील करता येत नाही, 1976 च्या दुरुस्तीपासूनच ती वाट बंद आहे. राहते सुप्रीम कोर्टाची विशेष परवानगी. त्याचं काम हे दुकान घेत नाही. तिथे दिल्लीचेच अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड (सुप्रीम कोर्टात कागद दाखल करायचा अधिकार असलेले वकील) लागतात, छपाईचे नियमही वेगळे. "जे येत नाही ते मी करत नाही," असं भाऊंनी स्पष्ट सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी साडेदहा ते बारा टाळा, तेव्हा वकिलांचे क्लार्क तुटून पडतात. तीननंतर जा. मूळ कागद देऊन येऊ नका, समोर बसून स्कॅन करून घ्या आणि चारही कडा तपासा, विशेषतः डावी. अर्जंट म्हटलं की दर दुप्पट. फोनवर पैसे घेतात, पावती मागावी लागते. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. मे महिन्यात हायकोर्टाला सुट्टी लागली की काकू पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेतात आणि दुकानाचं अर्धं टेबल त्यात जातं. कुरडया चांगल्या असतात, पण त्या दिवसांत पेपर बुक शिवायला देऊ नका.